फ्लेमिंगो उडवणारा

मुलुंडजवळच्या खाडीत फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे. तिथे मी आमची अख्खी सोसायटी एका बोटीत कोंबून नेली. वाटेत सांगितलं, “ते उडाले की सूर्य गुलाबी होतो, विमानं रस्ता चुकतात!”

आणि हे पक्षी चिखलात चोची खुपसून ढिम्म उभे.

“दादा, उडव ना रे!” मी बोटवाल्याला ओरडलो. मग सगळेच ओरडले.

बोटवाला पन्नाशीचा कोळी. बोलण्याआधी कानामागची विडी काढायचा, न पेटवता परत खोचायचा. “नको साहेब. ओहोटीत चिखल उघडा पडतो, तेवढ्यातच जेवतात ते. भरती लागली की उपाशी.”

“एकदाच यार! सांताक्रूझहून पाहुणे आलेत!”

शेवटी त्याने बांबू बोटीवर दाणकन आपटला. आभाळ गुलाबी झालं, शप्पथ! सगळ्यांचे मोबाइल वर. तो मात्र पाठ फिरवून खाली बघत बसला.

“जेवत्या ताटावरनं उठवलं मी,” तो स्वतःशीच म्हणाला.

एकेक मोबाइल खाली आला. पाणी चिखलावर चढत गेलं, पक्षी उतरले नाहीत. माझ्या मांडीवर सगळ्यांसाठी आणलेले गरम वडे होते. कुणी मागितले नाहीत, आणि मलाही पुडा सोडवेना.