धनी नसलेली शेरडं

शेजारचे भिकाअण्णा लग्नाला गेले तरी पंगतीतून उठून थेट एसटी गाठायचे. मुक्काम नाही म्हणजे नाही. सख्ख्या मुलाच्या लग्नातही अक्षता पडल्या तसे हे आमच्या पाथर्डीच्या गाडीत. "शेरडाला मानूस लागतं, मास्तर," ते म्हणायचे. "मानूस हलला की शेरडू मेलं म्हनून समजा." मी त्यांची यथेच्छ थट्टा करायचो. पण आमच्या कोरड्या गावात उन्हाळ्यात लांबून डोक्यावर पाणी आणून जनावरं जगवलेला माणूस तो, त्याला तसं वाटणारच.

त्यांची बायको वारल्यावर अण्णा एकटेच होते. गेल्या वर्षी गोठ्यात घसरून पडले आणि दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. मीच उचललं. पुण्याहून मुलगा, संजय, धावत आला. "बाबा, आता माझ्याकडे चला." अण्णांचं उत्तर एकच, "शेरडं कोन बघंल?"

जाताना संजयने माझे हात धरले. "सर, तुम्हीच त्यांना तयार करा." अण्णांना एकदा घराबाहेर काढावं म्हणून त्यांना आणि मला अंदमानच्या सहलीला त्यानेच पाठवलं. आठवडाभर शेरडांना पाणी पाजायचं माझ्या बायकोने कबूल केलं, तेव्हा कुठे अण्णा हलले.

आदल्या संध्याकाळी निघालेलं जहाज सकाळी ज्वालामुखीच्या बेटाजवळ पोचलं. वाटेत डॉल्फिन उसळले, सगळे ओरडत कठड्याला चिकटले. अण्णा एवढंच म्हणाले, "खाऊनपिऊन सुखी दिसत्यात."

बेटावर उतरू देत नाहीत. काळाभोर डोंगर, तोंडातून बारीक धूर, आणि जहाज त्याला हळूहळू वळसा घालत होतं. दुर्बिणीतून मला उतारावर काहीतरी हलताना दिसलं. शेळ्या! कोणे एके काळी कुणीतरी सोडलेल्या, त्यांचीच ही पिलावळ, असं गाईड सांगत होता. मी दुर्बीण अण्णांच्या हातात दिली.

"ह्यांचा धनी कोन?"

"धनी नाही, अण्णा." आणि माझी जीभ वळवळलीच. "बघा की, कोण पाणी पाजतंय त्यांना?"

बेट मागे पडेपर्यंत त्यांनी दुर्बीण सोडली नाही. मग ती माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "मंग मी इतकी वर्सं काय केलं, मास्तर?"

मी उठलो. चहा आणायला गेलो, तिथे जहाजावरच्या एका जुन्या खलाशाशी शेळ्यांचा विषय निघाला. तो म्हणाला, "पहिले बहुत थीं, साब. पिछली गर्मी में पानी के बिना किनारे पर मरी पड़ी थीं. जो बचीं, वही दिखती हैं."

मी दोन चहा घेऊन परत आलो. अण्णा पाण्याकडे बघत बसले होते. सांगायला दोन वाक्यं पुरली असती आणि परतीचा सगळा प्रवास समोर होता. पण मला गोठ्यात पडलेले अण्णा दिसत होते, संजयचे हात आठवत होते. मी चहा पुढे केला. बंदरावर उतरल्या उतरल्या अण्णा म्हणाले, "संज्याला फोन लावा. येतो म्हनावं."

पुढच्या बाजाराला शेरडं विकली गेली. पुण्यात अकराव्या मजल्यावर अण्णांना काही कमी नव्हतं. सून गुणाची, डॉक्टर जवळ. तरी ते जेमतेम सात महिने जगले. आजार असा काही निघालाच नाही.

दहाव्याला संजय माझ्या गळ्यात पडून रडला. "सर, तुमच्यामुळे बाबा शेवटी माझ्यापाशी राहिले."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. खलाशाचं ते बोलणं मी त्यालाही सांगितलं नाही.