थोरला, धाकटा, शेंडेफळ, मधला

माझ्या आत्याला गिऱ्हाईकं पाठीमागे ‘गप्पताई’ म्हणतात. नवा माणूस नाव ऐकून समजतो, की बाई गप्पिष्ट असणार. तो गाडी घेऊन येतो, बॉनेट उघडतो आणि सुरू करतो, परवापासून असं होतंय, माझ्या मेहुण्याचं म्हणणं आहे की... आत्या हात वर करते.

“गप्प.”

मग ती रबरी नळीचं एक टोक कानाला लावते, दुसरं हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरते आणि डोळे मिटते. आत जाणाऱ्या हवेचा सुस्कारा ऐकते. गाडीला दोन कार्बोरेटर असले तर दोन्हींचे सुस्कारे अगदी सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवत राहते. तेवढ्यात कुणी शिंकलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गॅरेज उताराच्या रस्त्यावर आहे, छापखाना आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधे. पुढच्या खोलीत काकांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, पत्र्याचं काम चालतं. मागच्या खोलीत आत्याचं टेबल. त्यावर काच अंथरलेली, म्हणजे कार्बोरेटरमधला जेट, पेट्रोलच्या भोकाचा तो बारीक पितळी भाग, पडला तरी हरवत नाही. “दिसतं ते माझं, ऐकू येतं ते तिचं,” अशी काकांनी वाटणी करून टाकली आहे.

लग्नाआधी आत्या आजोबांच्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्त करायची. माझे बाबाही त्याच दुकानात वाढले आणि त्यांना अजून सुईत दोरा ओवता येत नाही. आत्याला मात्र मशीनच्या आवाजावरून टाका कुठे सुटतोय ते कळायचं. लग्न होऊन ती गॅरेजमध्ये आली तेव्हा तिला फक्त गल्ल्यावर बसवलं होतं. एकदा काकांनी एका गाडीचं सगळं ट्यूनिंग केलं, इंजिन चालू ठेवलं आणि उगाच ऐटीत विचारलं, “काय, कशी वाटते?”

आत्यानं मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाली, “एक नंबर.”

काका खूश! गिऱ्हाइकाला म्हणाले, “घेऊन जा. आमच्या घरातूनच पास झाली.” गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि धक्के खात परत आली.

“तू तर एक नंबर म्हणालीस!”

“मग? एक नंबरच खराब आहे.”

“अगं, एक नंबर म्हणजे झकास!”

“अहो, एक नंबर म्हणजे एक नंबर! पंख्याकडून पहिला. तो पेटतच नाहीये.”

पहिल्या सिलिंडरच्या प्लगची वायर सैल होती. त्या दिवसापासून आमच्या गॅरेजमध्ये सिलिंडरला नंबरानं हाक मारायची नाही, असा नियमच झाला. चार सिलिंडर, पंख्याकडून मोजायचे: थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ. ते पेटतात मात्र वेगळ्या क्रमानं. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. मी मेकॅनिकल शिकायला गेले तेव्हा वर्गात हा क्रम सगळे आकड्यांनी पाठ करत होते आणि मला आपोआप ‘थोरला, धाकटा, शेंडेफळ, मधला’ ऐकू येत होतं. काका स्वतः चार भावांतले मधले. त्यामुळे दुसरा सिलिंडर कुरकुरला की आत्या पुढच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते, “मधला नाटकं करतोय!”

वकीलबाईंची गाडी आली तेव्हा मी शिक्षण संपवून गॅरेजमध्येच काम करायला लागले होते. गाडी म्हणजे जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार. कापडी छत, बुटकी, लांब नाकाची. वकीलबाईंच्या वडिलांची. तिचं इंजिन पूर्वी एकदा पूर्ण उघडलं होतं ते आत्या-काकांनीच. पुढे वडील गेले, बाईंनी गाडी आपल्या गावी नेली आणि हौसेनं तिला वेगवान करायचे पार्ट बसवले. उघडे एअर फिल्टर, रुंद सायलेन्सर, कडक स्प्रिंगा.

“आवाज वाढला हो, पण जोर गेला,” त्या म्हणाल्या. “गेल्या महिन्यात घाटात तिसऱ्या वळणावर मेली. मागे रांग लागली. लोक हॉर्न मारतायत आणि मी स्टार्टर.”

“आवाज आणि जोर नेहमी एका घरात राहत नाहीत,” काका म्हणाले आणि आत्याकडे बघून जीभ चावली.

“मी आता इंजिनच बदलतेय. नव्या गाडीचं बसवून देणारा मिळालाय. पुढच्या आठवड्यात काढणार. तुम्ही फक्त तोवर ती चालती ठेवा.”

आत्याचा हात इंजिनवर होता. तो तिथेच राहिला.

“जुन्याचं काय करणार?”

“तो म्हणाला, भंगार.”

आत्यानं हात फडक्याला पुसला. मग म्हणाली, “बाई, गाडी तुमची, निर्णय तुमचा. पण हे इंजिन आजारी नाहीये. मला हा आठवडा द्या. तुम्ही स्वतः त्याच घाटात गाडी चढवा. वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. चढताना कुठेही पहिला गिअर टाकावा लागला तर मीच माझ्या हातानं इंजिन उतरवून देते.”

“आणि नाही लागला तर?”

“तर त्याला भंगार म्हणायचं नाही.”

वकीलबाई हसल्या. “मान्य.”

त्या गेल्यावर काका म्हणाले, “अगं, घाटात मागून-पुढून काय येईल सांगता येतं का? कशाला पैज?”

“पैज कुठली? बोलले ते बोलले.”

मी प्लग काढून बघितले. चारही पांढरेफटक. “हवा भरपूर, पेट्रोल कमी,” मी म्हटलं.

“उपाशी आहे बिचारी,” आत्या म्हणाली. दोघींचं निदान एकच होतं. उघड्या फिल्टरनं आणि रुंद सायलेन्सरनं इंजिनचा श्वास मोठा केला, पण पेट्रोल पूर्वीइतकंच राहिलं. सपाटीवर खपून गेलं, चढावर उघडं पडलं.

“नवे पार्ट काढून टाकायचे?” काकांनी विचारलं.

“का काढायचे? चांगले आहेत. पाहुणे आलेत तर जेवण वाढवायचं, पाहुणे हाकलायचे नाहीत. पण आधी बरी करू, मग पैलवान.”

बरी करण्याची कामं साधी होती. नवे प्लग, नवे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, चौघांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी, वायरी. मी व्हॉल्व्हचे गॅप लावले. आत्यानं ओठांतल्या ओठांत चौघांची नावं घेत एकेक वायर टोपीत दाबली. काकांनी सायलेन्सरचे पाइप आणि कार्बोरेटर यांच्या मधे पत्र्याची आडभिंत बसवली, कारण तापलेलं पेट्रोल आतच उकळतं. कार्बोरेटरच्या तोंडांना कर्ण्यासारखी गुळगुळीत कडाही ठोकून दिली. टायमिंगवरून माझं आणि आत्याचं वाजलं. तिला ठिणगी आणखी आधी हवी होती, मी म्हणत होते इंजिन आतून ठकठक करेल. गाडी उतारावरच्या रस्त्यानं वर नेली, दोघींना ती ठकठक ऐकू आली, तिनं एक अक्षर न बोलता डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला. आता ना तिचं, ना माझं, गाडीचं टायमिंग लागलं.

उरली सुई. या गाडीला दोन कार्बोरेटर, आणि प्रत्येकात एक निमुळती पितळी सुई असते. एक्सलरेटर दाबला की ती वर उचलली जाते, आणि सुई जितकी बारीक तितकं तिच्या बाजूनं पेट्रोल जास्त येतं. आम्हाला बारीक सुया हव्या होत्या. मागवल्या तर यायला महिना. जवळ होत्या त्या दोनच, गाडीतल्या.

आत्यानं कपाटातून शिलाई मशीनची जुनी मोटर काढली. तिच्या टोकाला सुई धरायची पकड काकांनी फार पूर्वी बनवून दिली होती. सुई हळू फिरायला लागली आणि आत्यानं चिमटीत सगळ्यात मऊ पॉलिश पेपर धरला.

“आत्या, जास्त घासली गेली तर?”

“घासता येतं, भरता येत नाही. म्हणून गप्प.”

ती घासायची, मी मायक्रोमीटरनं मोजायचे. मोजमाप हवं तिथे पोचलं तरी ती थांबेना. मधल्या भागावर तिनं आणखी एकदा नुसता श्वास लागावा तसा कागद फिरवला.

“तिथे कशाला?”

“चढावर पाय अर्धवट दाबलेला असला की सुईचा इथलाच भाग पेट्रोलच्या तोंडाशी असतो. दमलेली असताना जेवायला हवं ना.”

मग दुसरी सुई. पहिलीसारखी, तंतोतंत. ती मापात बसली तेव्हा आत्यानं पाठ सरळ केली आणि म्हणाली, “चहा.”

ठरलेल्या सकाळी वकीलबाई गाडी चालवत होत्या, आत्या शेजारी. मी आणि काका गॅरेजची व्हॅन घेऊन आधीच वर टाकीपाशी जाऊन उभे होतो. तिथून घाट दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

आवाज आला. तिसऱ्या गिअरमधला, भरलेला, एकसारखा. “चौघंही कामावर आहेत,” काका म्हणाले. तिसरं वळण गेलं. मी श्वास सोडला.

आणि मग सिमेंटच्या ट्रकची घरघर सुरू झाली. आवाजावरून कळत होतं, ट्रक त्यांच्या पुढे आहे आणि मुंगीच्या पावलानं चढतोय. आमच्या गाडीचा आवाज त्या घरघरीत बुडाला.

“मेलो,” काका म्हणाले. “त्याच्या मागे तर नव्या गाडीलासुद्धा पहिला टाकावा लागेल.”

“काका, गप्प!”

घरघर जवळ येत गेली. मी त्याच्या खालून शोधत होते. गाडी पहिल्यात गेली असती तर इंजिन एकदम वरच्या पट्टीत ओरडलं असतं. ते ओरडलं नाही. खूप खाली, बंद पडायच्या जरासं अलीकडे, जाड आवाजात चार ठोके चालले होते. संथ, पण एकही न चुकणारे. ट्रक टाकीखालच्या शेवटच्या वळणावर दिसला, रुंद जागा बघून त्यानं बाजू दिली, आणि तो जाड आवाज तळापासून उठला. खोकला नाही, अडखळणं नाही. लांब नाक ट्रकच्या बाजूनं पुढे निघालं आणि गाडी टाकीसमोर येऊन उभी राहिली.

काका धावले. “पहिला टाकला?”

“नाही,” वकीलबाई म्हणाल्या. त्यांचे केस सगळे उडालेले होते. “हात गेला होता हो गिअरवर. यांना म्हटलं, आता बंद पडेल. या म्हणतात, पाय होता तिथेच ठेवा, ती विचार करतेय. विचार करतेय! आणि मग तिनं ओढलं. बाबा चालवायचे तेव्हाही असं ओढत नव्हती.”

“तेव्हा तुमच्या बाबांनी हे फिल्टर कुठे आणले होते?” आत्या म्हणाली. “पार्ट चांगले निवडलेत तुम्ही.”

वकीलबाईंनी तिथेच फोन काढला. “मी बोलतेय. ते इंजिनचं काम रद्द. नाही, दुसऱ्या कुणाकडे नाही देत. जुनंच राहणार.” पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी समजावत होता. आत्या गाडीची काच पुसायचं निमित्त करून तिथेच घुटमळत होती. तिचा फडका एकाच जागी फिरत होता.

“काय म्हणतो?” तिनं न राहवून विचारलं.

“म्हणतो, नव्या इंजिनचं आता काय करू, मी तर आणून ठेवलंय.”

आत्यानं फडका खांद्यावर टाकला. कमरेवर हात ठेवून घाटाकडे बघितलं, मग गाडीकडे.

“त्याला म्हणावं, ज्या गाडीत बसवशील ती माझ्याकडे पाठव. तीही चढवून देते.”