पंधराव्या सोमवारचा पाहुणा

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण ओटीचा भाग येईपर्यंत दम धरा, एवढंच माझं मागणं. माझ्या हातून जे घडलं ते बेळगुंदीत आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग तुमच्यापासून लपवून काय करू? चहा घ्या आधी. गार झाला की मला दोष द्याल.

तर मूळ प्रश्न असा, की वर आकाशात, त्या चांदण्यांच्या पलीकडे, आपल्यासारखं शहाणंसुरतं कुणी राहतं का?

आता हा काही माझ्यासारखीनं विचारायचा प्रश्न आहे का? मी आपली उपासतापास करणारी बाई. वर देव आहे एवढं मला पुरे होतं. पण आमची पल्लवी फिजिक्स शिकली आणि घरात हा प्रश्न पाय पसरून बसला. पुण्याकडच्या एका संस्थेत जागा निघाली होती. मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडं तोंड करून ठेवलेल्या असतात म्हणे, आणि तिकडून कुणी काही बोलतंय का, ते ऐकत बसायचं. हे काम!

"म्हणजे ऐकायची नोकरी?" मी विचारलं.

"व्हय."

"आई सकाळपासनं हाका मारती, ते ऐकू येत न्हाय तुला. आणि तिथलं ऐकणार?"

"आई, तू लई जवळनं बोलतीस गं."

घ्या! तरी मी तिला खरंच विचारलं, "कुणी असंल का गं तिथं?"

ती म्हणाली, "एवढं मोठं रान, आणि त्यात जोंधळ्याचं एकच ताट उगवलंय, असं कसं असंल?"

"मग बोलत का न्हाईत?"

"तेच तर कुणाला कळंना."

दोन वेळा तिची मुलाखत हुकली होती. ही तिसरी, आणि वयाच्या अटीमुळं शेवटची. पोरगी जेवेना, बोलेना. मग मी काय करणार? मला जे येतं ते केलं. सोळा सोमवार धरले. आणि नुसता उपास फार सोपा वाटला म्हणून माझ्याकडून भर घातली: सोमवारी उठल्यापासून संध्याकाळची पूजा होईपर्यंत मौन. एक शब्दही नाही. शब्द गेला की पल्लवीची नोकरी गेली, असं महादेवापुढं बोलून बसले.

आमच्या ह्यांना हे व्रत एवढं आवडलं, की विचारू नका. सोमवार आला की माणूस शीळ घालत दूध डेअरीला न्यायचा.

मुलाखत आली नेमकी पंधराव्या सोमवारी. सकाळी आठला, माडीवरच्या खोलीत, लॅपटॉपवर.

पण त्याच्या आधीचे तीन दिवस ऐका. शुक्रवारी मी देवघरात जपाला बसले आणि मला एक आवाज ऐकू आला. बारीक, खोल, न थांबणारा. कुणीतरी लांबून एकच सूर धरून ठेवावा तसा. मी माळ थांबवली, तरी आवाज चालूच. शनिवारी भिंतीला हात लावला, तर भिंत आतून थरथरल्यासारखी वाटली. अंगावर काटा आला माझ्या!

"काय ऐकू येतंय का हो तुम्हाला?" मी ह्यांना विचारलं.

"न्हाय ब्वा," हे म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले.

तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मला वाटलं, चौदा सोमवारांनी कान उघडले माझे. पल्लवी म्हणते तो आवाज पल्लवीला न येता मला आला की काय?

सोमवार उजाडला तो धुक्यातच. आमच्याकडं थंडीत धुकं पडतं ते असं, की अंगणातली तुळस दिसायची नाही. गोठा गेला, विहीर गेली, रस्ता गेला. उरले ते आमचं घर आणि तो आवाज. आज तो परसातून येत होता.

हे डेअरीला गेले होते. वर पल्लवीची मुलाखत सुरू झाली होती, तिचा बोलण्याचा आवाज खाली येत होता. मी पूजेचं ताट तयार केलं आणि बेलाची पानं आणायला परसात गेले. बेल आमच्या घराला खेटून आहे, देवघराच्या मागच्या भिंतीलाच.

चार पावलं गेले आणि थांबले.

झाडाखाली कुणीतरी उभं होतं.

पांढरं. पायापासून डोक्यापर्यंत पांढरं. हात होते, पाय होते, पण बोटं जाडजूड, सुजल्यासारखी. आणि तोंडाच्या जागी... तोंड नव्हतंच! काळोख होता नुसता, गोल. एका हातात नळीसारखं काहीतरी, त्यातून धूर येत होता. ते अजिबात हलत नव्हतं. आणि तो सूर त्याच्याच अंगातून निघतोय असं वाटत होतं.

किंचाळावं असं वाटलं. पण तोंड उघडलं तर? वर पोरीची मुलाखत चालू! मी पदर तोंडात कोंबला.

मग त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. म्हणजे तो काळोख माझ्याकडं वळला. आणि त्यानं काय केलं सांगू? जाडजूड बोट उचललं आणि जिथं ओठ असायला पाहिजेत तिथं ठेवलं.

गप्प!

अहो, माझं मौन त्याला कसं कळलं? गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ह्यांना, पल्लवीला आणि महादेवाला, बस. तरी खरं सांगते, भीतीच्या आत कुठंतरी बरंही वाटलं. आहे! कुणीतरी आहे तिथं! आणि ते आपल्यासारखंच मौन पाळतं!

मी मान डोलावली. त्यानंही डोलावली. मग त्यानं बोट वर केलं, सरळ आभाळाकडं. वरून आलोय, मी समजले. मग दोन्ही हात पसरून हा एवढा मोठा आकार दाखवला. यान म्हणायचं असेल. समजले. आणि मग ते बोट हळूहळू वळलं आणि माडीवर थांबलं. पल्लवीच्या खिडकीवर. उघड्या खिडकीवर. दोनदा दाखवलं. तीनदा दाखवलं. हातानं कवळून घेतल्यासारखी खूण केली.

पोरगी त्यांचं ऐकायला निघाली, आणि तिला न्यायला तेच आलेत!

आता सांगा, आईनं काय करावं? ओरडले तर व्रत मोडतं. नाही ओरडले तर पोरगी जाते. मी विचार केला, आणि मौनात विचार फार होतो हो, की एवढ्या लांबून, घरदार सोडून, लेकराच्या खिडकीखाली कोण येऊन उभं राहतं? पुरुष येईल? छे! ही आई असणार कुणाची तरी. आणि बाईमाणूस दारात आली, तर तिला रिकाम्या हातानं पाठवायची रीत आपल्यात नाही. मान दिला की मन वळतं. सासूबाईंचंसुद्धा वळलं होतं.

मी आत पळाले. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि कपाटातला बरा खण. मोतीरंगाचा घेतला, पांढऱ्यावर शोभेल म्हणून.

परत आले तर ते तिथंच. धुराला वास होता तो शेणीचा! एवढा धीर आला मला! तिथंही शेणी थापतात, म्हणजे गायी आहेत, म्हणजे माणसं बरी असणार. मी पुढं झाले आणि जिथं कपाळ असावं तिथं हळदीकुंकू लावलं. बोटाला जाळी लागली. ते मागं सरकलं, दोन्ही हात हलवून नको नको करायला लागलं.

पण तुम्हीच सांगा, ओटीला पहिल्यांदा कोण हो म्हणतं? दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा पदर पसरायचा, हे आपल्यात चालतंच. म्हटलं, रीतीची आहे बाई. तिला पदर नव्हता, म्हणून मी तिचेच दोन हात जवळ ओढले आणि त्या जाड पंजांत खण, नारळ, तांदूळ, सगळं घातलं. नळी तिनं काखेत धरली. मी डोळ्यांनीच म्हणाले, बाई, हे घे आणि माझं लेकरू सोड.

मग निरांजन ओवाळलं. आणि सवयीनं, केवळ सवयीनं, ताटातली घंटा वाजवली.

तो सूर थांबला.

तसली शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. धुकंसुद्धा थबकलं असं वाटलं. आणि मग माझ्या डोक्यावर, बेलाच्या फांदीला, काहीतरी काळं, परातीएवढं, लाटेसारखं हललं...

"बेडा आक्का, बेडा!" ते ओरडलं.

बेडा म्हणजे नको. शुद्ध, खणखणीत कन्नडमध्ये! त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? तुम्ही सीमाभागातले, तुम्हाला कळेल. आलं, की अरे देवा, तिथंही आपल्या आधी कानडीवालेच पोचले!

एवढ्यात ते घराकडं धावत सुटलं, खिडकीकडं हात करत. व्रत गेलं, महादेव गेला. मी त्याच्या पुढं पळत माडी चढले आणि दार ढकलून ओरडले, "पल्लवी, पळ! वरनं आलेत, तुला न्यायला आलेत!"

पल्लवी पांढरीफटक. लॅपटॉपवर तीन माणसं, तिन्ही स्तब्ध. मधल्या होत्या पिकल्या केसांच्या, चष्म्याच्या एक बाई.

माझ्या मागोमाग ते आत आलं. कोपरानं खिडकी लावली. आणि लॅपटॉपसमोर उभं राहिलं, कपाळाच्या जागी हळदीकुंकू, ओंजळीत नारळ आणि मोतीरंगाचा खण. त्या संस्थेनं आजवर आकाशात एवढं शोधलं असेल, पण असलं काही बघितलं नसणार!

मग त्यानं डोक्यावरची जाळी वर केली. आत मिशा होत्या.

"पिरनवाडीचा मल्लाप्पा मी, आक्का," ते दम खात म्हणालं. "आग्यामोहोळ काढायला आलोय. वर मोहोळ हाय, खिडकी लावा, गप ऱ्हावा, असं किती खुणा करून सांगायचं? माश्यांपुढं तोंड उघडता येत न्हाय. आन् तुम्ही घंटा बडिवली!"

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

"तुमच्या मालकांनी. म्हणाले, सोमवारीच ये. बेलाच्या झाडाखाली धूर करू द्यायची न्हाय ती, पर सोमवारी ती बोलत न्हाय."

बघितलंत? शीळ उगाच नव्हती ती!

मला भुई दुभंगावी असं झालं. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी. दोन वर्षांची मेहनत, आणि माझ्या एका आरतीनं धुळीला मिळवली. मी हात जोडून लॅपटॉपला म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. पोरीवर राग काढू नका."

त्या चष्म्याच्या बाई हसल्या नाहीत. मराठीतच म्हणाल्या, "बसा तुम्ही. ह्यांना बघून तुम्हाला काय वाटलं, ते सांगा."

मी सगळं सांगितलं. ती आई असावी असं वाटलं, तेही.

त्या म्हणाल्या, "मी पल्लवीला हाच प्रश्न विचारत होते. कुणी असेल, तर अजून कुणाचा आवाज का आला नाही? तुम्हाला काय वाटतं?"

मौन तर मोडलंच होतं. मी म्हणाले, "त्याबी मौनात असतील बाई. कुणाच्यातरी लेकरासाठी."

बंद खिडकीच्या काचेवर माश्या बसत होत्या, एकेक, मऊ आवाज करत. लॅपटॉपमधली तिघंही ते ऐकत होती. मग पल्लवीनं डोळे पुसले आणि शांतपणे बोलायला लागली, गप्प बसणाऱ्यांचं ऐकायचं कसं ते. इंग्रजीत. मला एक अक्षर कळलं नाही, पण ती आता घाबरत नव्हती.

एक माशी माझ्या पदरातून वर आली होती. तिनं ओठाला असा प्रसाद दिला, की संध्याकाळपर्यंत तोंड उघडेना. उरलेलं मौन महादेवानं तसं पुरं करून घेतलं.

पल्लवीला जागा मिळाली. तो मोतीरंगाचा खण मल्लाप्पाच्या बायकोनं शिवून घातला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली. "माझ्या घरच्यांची ओटी भरलेला खण हाय ह्यो," असं सगळ्या बायकांना सांगत होती!

पल्लवी आता रोज संध्याकाळी फोन करते. एकदा म्हणाली, "आई, ऐक." फोनमधून नुसती सळसळ आली, बारीक, खोल, न थांबणारी. "ह्यात कोण बोलतंय का?" मी विचारलं. "अजून तरी न्हाय," ती म्हणाली. मग आम्ही दोघी बराच वेळ तेच ऐकत बसलो. मधेच मला वाटलं, तिकडंही कुणीतरी श्वास धरून बसलंय. अंगावर काटा आला, पण ह्या वेळी पळावंसं वाटलं नाही.

माझं मन मात्र मला खात होतं. पोरीला नोकरी मिळाली खरी, पण व्रत पंधराव्याला मोडलं ते मोडलंच. शेवटी मी ह्यांना सांगितलं, "मी पुन्हा पहिल्यापासनं सोळा सोमवार धरणार. मौनासकट."

मला वाटलं, हे म्हणतील, कशाला जीव दमवतीस.

हे लगबगीनं उठले, फोन शोधायला लागले. म्हणाले, "धर की! मल्लाप्पाला कळवतो. चिंचेवर अजून दोन मोहोळं हायत."