लाल फांद्यांचा मेपल

दुपारचे अडीच. सोफ्यावर पडल्या पडल्या मी मेपलच्या दोन फोटोंकडे बघते आहे. अंगणात खड्डा खणून झालाय. नर्सरीवाला चार वाजता फोन करेल तेव्हा कोणतं झाड ते सांगायचं. न्यू जर्सीतल्या या घरात आता मी एकटी; आमचे हे गेले त्याला सात महिने झाले, पण झाडाचा वाद मिटलेला नाही. मला लालबुंद पानांचा, पसरणारा मेपल हवा. ह्यांना साधा हिरव्या पानांचा हवा होता. फोटो पुसट होत जातात.

"चष्मा काढ, वाकडा होईल," हे म्हणतात.

आम्ही नर्सरीत चालतो आहोत. ह्यांच्या अंगात घरातला जुना स्वेटर. मी लगेच भांडण उकरते, कारण भांडले की हे थांबतात.

"हिरवा घेऊन करू काय? डोंबिवलीत हिरवी झाडं काय थोडी होती?"

"तू म्हणशील तो घे."

बेचाळीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलेलं नाही.

"असं नका ना म्हणू. भांडा माझ्याशी."

कुंड्यांची रांग हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शिरते. ओल्या मातीचा वास तसाच. शेवटच्या खोलीत ह्यांचा पलंग, आणि खिडकीबाहेर बर्फात त्यांचा मेपल. पान एक नाही, पण फांद्या शेंड्यापर्यंत लाल.

"थंडीत ह्याची साल लाल होते. जानेवारीत खिडकीशी बसलीस की बघायला काहीतरी हवं."

"आणि तुम्ही कुठे बसणार?"

गेल्या वर्षी रिपोर्ट आल्यावरच ह्यांनी या झाडाचा हट्ट धरला होता, आणि मी त्याला म्हातारचळ म्हणाले होते. माझ्या एकटीच्या हिवाळ्याची सोय करत होते हे. मला रडू आवरत नाही. मी त्यांचं मनगट घट्ट धरते.

"थांबा. थोडा वेळ तरी."

"नले, हात दुखतोय."

मी सोडत नाही.

फोन वाजतो आहे. सोफ्यावर ऊन आलंय. माझी उजवी मूठ डाव्या मनगटावर आवळलेली आहे, ती सोडवून फोन घ्यावा लागतो. हिरवा आणा, मी सांगते, थंडीत फांद्या लाल होतात तो. नर्सरीवाला बरं म्हणतो.

फोन ठेवून मी मनगट उजेडात धरते. चार बोटांचे वळ उठले आहेत. बोटं माझीच आहेत.