वाकडी चौकट आणि सासऱ्यांचे डोळे

नव्वदच्या दशकात अल्लीपुरात आमचं कापडाचं दुकान होतं. सासरे ते चालवत. साडीला ब्लाउजपीस जुळवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. पण एका दिवाळीनंतर ते मोरपंखी साडीवर गडद निळा पीस देऊ लागले. बाई परत आली की म्हणत, "मिलवाले आजकाल रंगच धड देऊन नाई राह्यले."

मग त्यांना दुकानाची चौकट वाकडी दिसायला लागली. सुताराला बोलावलं. त्याने ओळंबा सोडून दाखवला; चौकट सरळ होती.

"तुहा ओळंबाच वाकडा आहे," सासरे म्हणाले.

सुतार माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत पळाले, हसू आवरेना. डोळे दाखवा म्हटलं तर सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं, "मले काय झालं? गावात लाइनच कमी येते, बलब निस्ते मिणमिण करते."

त्याच हिवाळ्यात गावात डोळे तपासणीचं शिबिर ठरलं. सासऱ्यांचा आवाज दणदणीत, म्हणून ऑटोवर भोंगा बांधून गावभर सांगायचं काम त्यांच्याकडे आलं. "अक्षर लय घाण आहे" म्हणून मजकूर त्यांनी मला वाचायला लावला आणि ऐकूनच पाठ केला. मीही ऑटोत बसले. "ज्यांना धुरकट दिसतं, सरळ रेघ वाकडी दिसते, अशा सर्व वयस्कर मंडळींनी..." ते खणखणीत सांगत होते. स्वतःचंच वर्णन करतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाजारात दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाईक म्हातारीने ऑटो थांबवला.

"काऊन हो शेटजी, तुमी दाखवले काय डोये?"

"मले चांगलं दिसते."

"मंग सांगा, माह्या हातात काय आहे?"

सासऱ्यांनी मान तिरकी केली, बाजूने पाहिलं. "छत्री."

तिच्या हातात शेवग्याच्या शेंगा होत्या. आणि भोंगा चालूच होता. हे सगळं अख्ख्या बाजाराने ऐकलं.

त्यांनी भोंगा बंद केला आणि ऑटो घराकडे वळवायला लावला. संध्याकाळी मला म्हणाले, "तुह्याकडं सरळ पाह्यलं का तुहं तोंडच जाते. कान तेवढे राह्यते." सांगताना ते हसले. मला मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिबिराच्या रांगेत ते सगळ्यांत पुढे होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. दुसऱ्याचा आतला पडदा वयामुळे झिजलाय. "त्यातली गेलेली नजर परत येणार नाही, बाबा. वाकडं दिसायला लागलं तेव्हाच यायचं होतं."

वर्ध्याला ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर घरी येऊन त्यांनी सासूबाईंकडे नीट पाहिलं.

"तुहे केस कवा पांढरे झाले?"

"तुमी चौकट पाहून राह्यले होते तवा," त्या म्हणाल्या.

दुसरा डोळा तसाच राहिला. बारीक अक्षर वाचायला ते भिंग घेऊन दाराच्या उजेडात बसू लागले. पण डोळ्यांच्या बाबतीत घरात आता कुणाचं काही चालेना. पुढच्या शिबिराला त्यांनी सासूबाईंना हट्टाने नेलं. त्यांचे डोळे उत्तम निघाले, फक्त जवळचा चष्मा लागला. येताना त्या जरा हिरमुसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या होत्या, आणि डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत मोकळं केलं होतं.