नऊ वर्षांची अट

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणूस कितीही भांबावून समोरच्या भिंतीकडे निघाला, तरी बाई आपल्या बाजूचा ब्रेक दाबायच्या आणि थंडपणे म्हणायच्या, "भिंत कुठे पळून जात नाही. पुन्हा सुरू करा." त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्यामुळे ही बाई एक दिवस विमा कंपन्यांच्या मागे हात धुऊन लागेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्यांची एकुलती मुलगी ठकी. तिला स्वमग्नता आहे, हे ती चार वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं. ठकी बोलत नसे. मोठा आवाज, गर्दी, ओली झालेली बाही, काहीही असह्य झालं की भिंतीवर डोकं आपटायची. तिच्या बापाचा पाव-बिस्किटांचा छोटा कारखाना होता. त्याने घरातल्या दोन भिंतींना जुन्या गाद्या ठोकून घेतल्या होत्या.

ठकी सहा वर्षांची असताना एका उपचार केंद्रात बारा दिवस मोफत मिळाले. तिथली तरुण थेरपिस्ट तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसायची आणि एकच गोष्ट शिकवायची: नको झालं की हात वर करायचा आणि "पुरे" म्हणायचं. अकराव्या दिवशी बापाने घरी मिक्सर लावला. ठकीने हात वर केला आणि म्हणाली, "पुये." बापाने मिक्सर बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून ढसाढसा रडला.

बारा दिवस संपले. पुढचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. ब्रेकबाईंनी विमा कंपनीला अर्ज केला. उत्तर आलं, हा उपचार नव्हे, शिक्षण आहे, शाळेला विचारा. शाळेने सांगितलं, हे शिक्षण नव्हे, उपचार आहे. विमा कंपनीला विचारा. बाईंनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून तीनदा वाचली.

औषधं घ्यायला गेल्या तेव्हा त्यांनी ती पत्रं केमिस्टला दाखवली. त्याचाही मुलगा तसाच, दोन वर्षांचा. तो म्हणाला, "ताई, एकेकट्याने अर्ज करून काही व्हायचं नाही. यांना भाग पाडणारा कायदाच हवा."

"आणि कायदा काय तुझ्या काउंटरवर मिळतो?"

"नाही. पण विकत घेणारे असले की माल येतो."

पुढच्या रविवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात, वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याखाली, सहा आईबाप बसले. वर्ष सरता सरता एकतीस कुटुंबं झाली. त्या भागातून निवडून आलेले प्रतिनिधी पूर्वी गणित शिकवायचे, म्हणून लोक त्यांना मास्तरच म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विधेयक मांडायचं कबूल केलं.

पहिल्या वर्षी विधेयक फायलीतून बाहेरच आलं नाही. दुसऱ्या वर्षी समितीपुढे सुनावणी झाली. विमा कंपन्यांतर्फे एक वकील आले होते. गळ्यात रेशमी टाय, जिभेवर साखर. "आमची सहानुभूती आहेच," ते म्हणाले. "पण सगळ्यांचे हप्ते वाढतील. एका घरासाठी शंभर घरांनी का भरावं?"

ब्रेकबाई उठल्या. "साहेब, विमा म्हणजे आणखी काय असतं?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. मग बाईंनी ठकीचा तो अकरावा दिवस सांगितला. तरीही विधेयक दोन मतांनी पडलं.

बाहेर जिन्यावर केमिस्ट रडवेला झाला होता. बाई म्हणाल्या, "दोनच मतं आहेत रे. दोन माणसं शोधायची."

आणि शोधली. विरोधात मत दिलेल्या एकेका सदस्याचं दार त्यांनी वाजवलं. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच वाटेला लावलं. एका सदस्यबाईंनी विचारलं, "हे लाडाने बिघडलेलं पोर नाही कशावरून?" ब्रेकबाई त्यांना घेऊन केंद्रात गेल्या आणि काचेपलीकडच्या खोलीत तासभर बसवलं. परतताना त्या सदस्यबाई एवढंच म्हणाल्या, "मला आधी कुणी दाखवलं नव्हतं."

तिसऱ्या वर्षी मतदानाच्या चार दिवस आधी मास्तरांनी बाईंना बोलावलं. टेबलावर विधेयकाची नवी प्रत होती आणि एका आकड्याभोवती पेन्सिलीची खूण.

"मंजूर होतंय," मास्तर म्हणाले. "पण वयाची अट घालून. नऊ वर्षं पूर्ण होईपर्यंतच विम्याचं संरक्षण. त्यावर एक वर्षही चढवलं तर कंपन्या पुन्हा मोडता घालतील."

बाईंनी खूण पाहिली. ठकीला नववं संपून सहा महिने झाले होते.

"तुम्हाला ठाऊक आहे मास्तर, माझी मुलगी केवढी आहे ते."

"ठाऊक आहे. म्हणून फोनवर नाही सांगितलं."

घरी नवरा ऐकून उसळला. "म्हणजे आपण वाट तयार करायची आणि आपल्याच पोरीला फाटकाबाहेर उभं करायचं?" तो तडक कारखान्यात निघून गेला.

रविवारच्या बैठकीत बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. एकतीस घरांतल्या मुलांपैकी बावीस नऊच्या आतली होती. केमिस्टचा मुलगा पाच वर्षांचा. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, तुम्ही नको म्हणालात तर मीही नको म्हणेन."

एक नर्स ताडकन उठली. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. "दुसऱ्यांच्या पोरांसाठी तीन वर्षं मी पत्रं खरडली का?"

"हो," ब्रेकबाई म्हणाल्या. "मीही. मलाही तुझ्याइतकाच राग आलाय. पण बावीस मुलांना थांबवून माझी मुलगी काही आत जाणार नाही. मी होकार देणार आहे. मात्र फुकट नाही."

नर्स पर्स उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई मास्तरांसमोर बसल्या. "नऊ लिहा. पण त्याखाली एक ओळ लिहा. दोन वर्षांनी सभागृहाने ही मर्यादा उघड सुनावणी घेऊन पुन्हा तपासायची, आणि तोवर हप्ते किती वाढले ते कंपन्यांनी लेखी द्यायचं."

मास्तरांनी चष्मा पुसला. "या ओळीला ते नाही म्हणणार नाहीत. दोन वर्षांत तुम्ही थकाल असं त्यांना वाटेल."

"वाटू दे."

कायदा झाला. केमिस्टच्या मुलाचे उपचार महिन्याभरात सुरू झाले. तो पेढे नाही, काही नाही, नुसता येऊन ऑफिसात उभा राहिला. बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि पुढ्यात कोरी वही सरकवली. "बस. आता बावीस मुलांची नोंद ठेवायची. कोण काय शिकलं, तारखेसकट."

पुढची दोन वर्षं सरळ गेली नाहीत. ठकीचे उपचार जमतील तसे, कधी आठवड्यातून एकदा, कधी तेही नाही. मधल्या काळात तिने दोनदा कपाळ फोडून घेतलं. नवरा पहाटेचं काम आटोपून तिच्यापाशी बसे, म्हणजे बाईंना चिठ्ठ्याचपाट्यांसाठी दुपार मोकळी मिळे. राग गेल्याचं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. एकदा नुसतं बाईंच्या फायलीवर सुबक अक्षरात ठकीचं नाव घालून ठेवलं. आणि सहा महिन्यांनी एका रविवारी नर्स परत आली, कोपऱ्यातली खुर्ची ओढून म्हणाली, "वही कुठाय?"

सुनावणीला तेच वकील होते. हप्त्यांचा आकडा त्यांनी स्वतःच वाचून दाखवला आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. वाढ नावापुरती होती. केमिस्टने वही पुढे ठेवली. ज्या सदस्यबाई काचेपाशी बसल्या होत्या, त्यांनीच ठराव मांडला. मर्यादा सोळा वर्षं झाली.

ठकी साडेअकरा वर्षांची होती. ती केंद्रात गेली त्या दुपारी आईच्या खांद्याला लागत होती. थेरपिस्टने पुढे केलेलं चित्र तिने दोनदा भिरकावलं, तिसऱ्यांदा हातात धरलं. बाहेर गाडीत बाईंचा फोन वाजला. नर्स होती.

"अभिनंदन, ताई." मग ती म्हणाली, "माझा सतरा वर्षांचा झाला."

"माहीत आहे," ब्रेकबाई म्हणाल्या. "मास्तरांची सोमवारची वेळ घेतली आहे. तूही चल, आणि त्यालाही घेऊन ये."