मामांची मोटेवरची गाणी

परभणीत टायपिंगच्या दुकानात कॉम्प्युटर आला, तेव्हा मी तिथं कामाला होते. प्रिंटर मात्र नव्हता. मजकूर फ्लॉपीवर घेऊन ती एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची. औरंगाबादचा एक छपाईवाला कागद काढून परतीच्या गाडीनं पाठवायचा.

त्याच दिवसांत पोखर्णीचे माझे मामा डोळे दाखवायला आले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेलीही जाणार होती. मामांनी तरुणपणी मोट हाकलेली. मोटेवर म्हणायची गाणी त्यांना पाठ होती. विहिरींवर पंप बसल्यापासून ती कुणी म्हणत नव्हतं.

"पोरी, दिसायलंय तवर मला ती छापलेली बघायचीत," ते म्हणाले.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामा शेजारी बसून सांगायचे, मी टाइप करायची. सांगता सांगता ते गायलाच लागत. मालक हसून म्हणत, "मामा, बैल जरा हळू हाका, हिचा हात पुरंना!"

फ्लॉपी गेली, कागद आले. मामांनी ते अगदी डोळ्यांशी नेले.

"एक बी अक्षर वळखू येईना गं. संपलं वाटतं डोळ्यांचं."

मी कागद घेतला. दोष डोळ्यांचा नव्हता. पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच उमटली होती. मी छपाईवाल्याला फोन लावला.

"ताई, तुमचा मराठी फॉन्ट आमच्या मशीनवर नाहीच. तोही पाठवा."

फॉन्टची फ्लॉपी पाठवली, ती तिकडं उघडेना. दुसरी पाठवली, तर लग्नसराई सुरू झालेली; पत्रिकांपुढं आमची गाणी मागं पडली. मामा गावी परतले.

शेवटी कागद आले. अक्षरं काळीभोर, सुरेख. मी ते घेऊन पोखर्णीला गेले. मामांनी उजेडाकडं तोंड केलं, पान वर धरलं, तिरपं धरलं, आणि मला परत दिलं.

"लय झ्याक छापलं असंल."

मी वाचायला घेतलं, तर त्यांनी थांबवलं. "तुला चाल न्हाई येत," म्हणाले, आणि स्वतःच गाऊ लागले. मामी चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली.

पुढं मामा गेले. ती पानं मामीनं जपून ठेवलीत. कुणी मागितली तर देते वाचायला. चाल मात्र आता कुणालाच येत नाही.